ऑस्ट्रेलियातल्या मायऑल क्रीक या लहानशा ओढ्याला एवढं महत्त्व का?
न्यू साउथ वेल्समधल्या बिंगारा गावाजवळचा हा ओढा गाडीतून ओलांडला तर लक्षातही येत नाही. पण १० जून १८३८ रोजी इथे वसाहतीतल्या गुराख्यांनी विरायराय आदिवासींची किमान २८ माणसं मारली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे; तरुण पुरुष कामासाठी दुसरीकडे गेले होते. पहिल्या खटल्यात अकराही आरोपी सुटले, दुसऱ्यात सात जण फासावर गेले. त्या काळात अशी शिक्षा फारच विरळा.

मला मात्र २००० सालचं स्मारक जास्त मोलाचं वाटतं. मारले गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज तिथे एकत्र उभे राहिले, आजही दर जूनमध्ये लोक जमतात. पायवाटेवरच्या दगडांवर इंग्रजीसोबत विरायराय लोकांच्या गामिलराय भाषेतला मजकूरही आहे. गेलात तर तिथे थांबाच.