वहीत म्हशीही लिहून ठेव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या सजात (तलाठ्याच्या हद्दीत) झाल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय म्हणे; गाव तुला तलाठी मॅडमच म्हणणार. फेरफार, सातबारा, वसुली शिकवायला ऑफिसात माणसं आहेत. त्याच सजात मी तलाठी होतो; मी लिहितोय ते पुराबद्दल, कारण मृग तोंडावर आलाय.

शिरोळात पाऊस बघून पूर कळत नाही, हे आधी ध्यानात घे. गगनबावड्याला, राधानगरीला, महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं आणि आपल्याकडं चक्क ऊन पडलेलं असतं. त्या उन्हात पारावर बसून लोक तुला विचारतील, मॅडम, कसला पूर? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. सांगलीच्या आयर्विन पुलाची 40 आणि 45. हे आकडे पाठ असू देत, पण कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नको. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं जायला वाव राहत नाही, पाण्याला फूग येते आणि ते मागं मळ्यांत पसरत जातं. तिकडं उतार, इकडं चढ, असं दोन-दोन दिवस चालतं. राधानगरी धरणाची दारं उघडली अशी बातमी आली की किती उघडली ते विचार. ती सात दारं आपोआप उघडतात, एकेका दारातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो की नाही, यावर मात्र वाद घालत बसू नको. तो वाद पारावर दरवर्षी होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक संध्याकाळी जेवायला घरी जातात.

वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की लांबलांबून माणसं स्नानाला येतात. पाणी देवळात उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, मोठा योग मानतात. मी त्याच दिवशी गोठ्यांची फेरी सुरू करायचो. आमचे एक सर्कल (मंडळ अधिकारी) हसायचे, म्हणायचे, तुम्ही माणसं सोडून म्हशी मोजता. पण माणूस घर सोडत नाही त्याला कारण बहुतेक वेळा गोठ्यात बांधलेलं असतं. शाळेतल्या छावणीत बायकापोरं येतात, घरचा गडी मागं राहतो. म्हशीला दोन वेळा धार काढावी लागते, वैरण टाकावी लागते. मग तो कमरेएवढ्या पाण्यातून सकाळ-संध्याकाळ ये-जा करतो आणि एक दिवस पाणी छातीला लागतं. म्हणून छावणीची जागा ठरवताना जनावरं कुठं बांधायची, वैरण कोण देणार आणि दूध संघाची गाडी तिथवर येईल का, हे तीन प्रश्न तांदळाच्या आधी सोडव. दूध रोज जात राहिलं की माणूस निवांत बसतो. आणि शाळेत संडास किती, दाराला कडी आहे का, ते तू स्वतः जाऊन बघ. बायका हे माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, तुझ्याशी बोलतील.

आता माझी चूक सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेशीकडच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ घरातून हलायला तयार नव्हते. त्यांनी मला दारातल्या पायऱ्या दाखवल्या. 2005 ला पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलेलं, तिथं त्यांनी विळ्यानं खूण केलेली. मी ती खूण बघितली, आणि त्यांच्या ओट्यावर चहा पिऊन म्हणालो, नाही लागायचं पाणी. अख्ख्या जिल्ह्याला तसंच वाटत होतं, पण शब्द माझा होता. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, बाहेरून मदत यायला वाट राहिली नाही. म्हाताऱ्यांना तिसऱ्या रात्री माळ्यावरची कौलं काढून नावेत घेतलं. तीन म्हशींपैकी दोघींची दावी त्यांच्या नातवानं कापली होती, त्या पोहत उसाच्या फडाकडं गेल्या आणि सापडल्या. तिसरीच्या दाव्याची गाठ पाण्यानं फुगून घट्ट झाली होती आणि विळा कुठं वाहून गेला होता कुणास ठाऊक. दोन वर्षांनी, 2021 ला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्याहूनही वर गेलं. तेव्हा मात्र त्या घरानं मला विचारलंही नाही, आधीच्या दिवशीच जनावरं हाकली.

तेव्हा जुन्या खुणा जरूर बघ, पण त्यांच्यावर कुणाला थांबू देऊ नको. तू स्वतः तर कुणालाच 'नाही लागायचं' म्हणू नको.

नावेचंही तसंच. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली, पुरातून माणसं बाहेर काढत असतानाच, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यामुळं. शेवटची नाव आहे असं वाटलं की गर्दी उसळते. काठावर नाव सोडणारा माणूस गावातला, भारदस्त आवाजाचा आणि नात्यागोत्याला न बधणारा निवड. असा माणूस प्रत्येक गावात एखादाच असतो, बहुतेकदा पैलवान किंवा निवृत्त फौजी. जून महिन्यातच त्याच्याशी बोलून ठेव.

पाणी ओसरलं की खरं काम. घरात गुडघाभर गाळ, रस्त्यावर गाद्या आणि कपाटं, विहिरीत मेलेली कुत्री, आणि सगळ्या गावाला एकच वास. तो वास नाकातून महिनाभर जात नाही. लोक आल्या आल्या बटण दाबतात. वायरमननं मीटर बघेपर्यंत कुणाला दाबू देऊ नको. विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाणी उकळून, आणि चिखलात राबणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्या. हे सगळे सांगतात, होतंही.

पंचनाम्यात गोम असते. आपले कागद मालकाला ओळखतात. उसाच्या शेंड्यावरून चार दिवस पाणी गेलं की ऊस कुजतो, त्याची मदत सातबारावरच्या नावाला जाते. वाट्यानं शेत करणाऱ्याचं खत आणि कष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची भांडी, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं गेलेली असतात आणि घर दुसऱ्याच्या नावावर. वाहून गेलेल्या म्हशीचं तर विचारूच नको. शव नाही, म्हणजे शवविच्छेदन नाही, म्हणजे म्हैस होती याला पुरावा काय?

म्हणून मी वही ठेवली. दोनशे पानी, साधी. घरागणिक एक पान: माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, कुठल्या पाहुण्यांकडं जाणार, भाडेकरू कोण, शेत कोण कसतंय, कुठल्या साली पाणी कुठवर आलं. आणि जनावरं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा आकडी नंबरासकट. तू मोबाइलवर फोटोही काढून ठेव, जनावर आणि मालक एकाच चौकटीत. पुराआधी कुणाला कधी हलवायचं ते त्या पानावरून ठरतं आणि पुरानंतर कोण राहून गेलं तेही. वरच्या साहेबांनी प्रत्येक वेळी वही मानली असं नाही. पण वाट्यानं करणाऱ्या दोन-चार घरांसाठी मी मालकाला समोर बसवून, पान दाखवून, मदतीतला हिस्सा द्यायला लावला. हे नियमात नव्हतं. तुला जमेल तसं कर.

ती वही मी जाताना चावडीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर ठेवली होती. किल्ली कोतवालाकडं असेल. 2021 नंतर कुणी हात लावला असेल असं वाटत नाही. वेशीकडच्या गल्लीचं पान उघड. म्हातारे आता नाहीत, नातवाचं लग्न झालंय आणि म्हशी पाच झाल्यात असं परवा बाजारात कळलं. तिथून सुरुवात कर. विळा कुठं टांगतात तेही विचार.

तुझा,
काका