मुलगा केमिस्ट्रीत नापास, आणि पुरावा म्हणून लॉर्ड मेल्चेट!

प्रश्न : माझं अंबरनाथ एमआयडीसीत छोटं केमिकल युनिट आहे. मुलगा बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा अडकला. आता म्हणतो लॉ करतो आणि राजकारणात जातो. ओरडलो तर आल्फ्रेड माँड नावाच्या इंग्रज कारखानदाराचं उदाहरण देतो, तोही नापास झाला होता म्हणे. काय करू?

नमस्कार दादा,

आधी सांगतो, पोरगं थापा मारत नाहीये. माँड, म्हणजेच पुढचा लॉर्ड मेल्चेट, केंब्रिजला सायन्सच्या परीक्षेत खरंच नापास झालेला, आणि तेही बाप लुडविग माँड नावाजलेला केमिस्ट, ब्रुनर माँड ही सोडा बनवणारी कंपनी उभी केलेला माणूस असताना.

पण पुढचं सगळं चिरंजीवांनी सोयीस्कर गाळलंय. नापास झाल्यावर माँड एडिंबराला कायदा शिकला, १८९४ ला बॅरिस्टर झाला, थोडी प्रॅक्टिस केली आणि मग बापाच्याच कंपनीत डायरेक्टर म्हणून बसला. १९०० ची निवडणूक हरला. १९०६ ला चेस्टरमधून लिबरल पक्षाचा खासदार झाला तेव्हा वय ३७, आणि त्या काळी तिकडे खासदारांना पगारच नव्हता, तो १९११ पासून सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड. म्हणजे घरची फॅक्टरी चालत होती म्हणून साहेबांचं राजकारण चालत होतं. हे मुलाला जरूर वाचून दाखवा.

पुढे मंत्री झाला, शेवटी आरोग्यमंत्री. जर्मन ज्यू घराणं म्हणून पहिल्या महायुद्धात लोकांनी नको नको ते ऐकवलं. १९२६ ला पक्ष बदलून कन्झर्व्हेटिव्हमध्ये गेला (आपल्याला यात काय नवल म्हणा) आणि १९२८ ला लॉर्ड मेल्चेट झाला.

मला विचाराल तर या माणसाचं खरं काम खासदारकी नव्हेच. त्याच १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून परतताना अ‍ॅक्विटानिया जहाजावर त्याने आणि नोबेल या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीच्या मॅकगोवनने बसून, जहाज कंपनीच्याच लेटरहेडवर, चार पानांत चार कंपन्यांच्या विलीनीकरणाचा मसुदा लिहून काढला. त्यातून आयसीआय ही बडी ब्रिटिश केमिकल कंपनी उभी राहिली, डुलक्सच्या डब्यावर आपण वर्षानुवर्षं वाचलेलं तेच नाव. त्याच वर्षी ब्रिटनभर मोठा संप झालेला, त्यानंतर कामगार नेते बेन टर्नर यांच्याबरोबर मालक-कामगार बोलणी सुरू करण्यात हाच पुढे. यात केमिस्ट्रीची परीक्षा कुठे आली सांगा? करार वाचता येणं आणि समोरच्याशी बोलता येणं, एवढंच.

म्हणून लॉ करू द्या. एखाददुसराच विषय राहिला असेल तर बीएस्सी उरकून तीन वर्षांचा लॉ घेता येईल, पण अभ्यासाचा पारच कंटाळा आला असेल तर ओढाताण करू नका, बारावीवर पाच वर्षांचा कोर्स आहे, सीईटी मात्र दोन्हीकडे द्यावी लागते. अट एकच घाला, आठवड्यातले दोन दिवस युनिटवर यायचं आणि रिअ‍ॅक्टरकडे न जाता ऑफिसात बसायचं. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचं रिन्यूअल, कॉन्ट्रॅक्ट लेबरची कागदपत्रं, पार्टीने लटकवलेली पेमेंट्स हे सगळं त्याच्याकडे द्या, तुमचीही डोकेदुखी कमी होईल. पक्षाचं काम करायचं तर खुशाल करू दे, बॅनर-गाड्यांचा खर्च मात्र फॅक्टरीच्या गल्ल्यातून नाही.

आणि हो, सीईटी सेलच्या साइटवर फॉर्मची तारीख या आठवड्यातच बघून ठेवा, दरवर्षी कितीतरी मुलं तिथेच हुकतात.