आजोबांची पेटी आणि साधा मोबाईल एवढ्यावर घरी संगीत करून ऑनलाइन टाकता येईल का? आणि ते ऐकणार कोण?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची पेटी आहे, एक साधा मोबाईल आहे, स्टुडिओ परवडत नाही, आणि डोक्यात स्वतःच्या दहा-बारा चाली आहेत. त्या घरी रेकॉर्ड करून टाकाव्यात का, आणि अनोळखी माणसाचं संगीत कोण ऐकणार, हा तुमचा प्रश्न. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, गणिताच्या शिकवण्या घेते आणि शेवटची बॅच सुटली की रात्री घरी संगीत करते. गेली सात वर्षं हेच चाललंय. तर टाका, जरूर टाका. पण प्रश्नाचा दुसरा भाग मी आधी घेते, कारण मला पहिल्याचं उत्तर त्यातूनच मिळालं.

मी आधी चाहती झाले, मग वाजवायला लागले. बँडकँप या कलाकारांचं संगीत विकणाऱ्या साइटवर एकदा फिनलंडमधल्या एका माणसाचा अल्बम सापडला. तो पायानं भाता मारायचं जुनं हार्मोनियम वाजवतो. आपल्या पेटीचं मूळ तेच: पॅरिसच्या देबँनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून हातानं वाजवण्याजोगं केलं. त्या अल्बममध्ये सुरांच्या खाली एक खोल घुमणं होतं आणि मधूनमधून लाकडावर बोट आपटल्यासारखा आवाज. मी तीन रात्री तेवढंच ऐकत होते. अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो दिसतात, ते मोजून नऊ होते. विकत घेणारी दहावी मी झाले आणि त्याला पत्र लिहिलं, की चौथ्या तुकड्यात दोन मिनिटांनंतर खालचा सूर हलतो तेव्हा भाता दमलाय असं वाटतं, ते मुद्दाम केलंय का, आणि तो लाकडाचा आवाज कसा पकडला?

अकरा दिवसांनी उत्तर आलं. भाता खरंच फाटला होता, त्यानं तो तसाच ठेवला होता. लाकडाचा आवाज पिझो डिस्कचा. वाद्याच्या अंगाला ती चिकटवली की हवेतला आवाज न घेता थेट लाकडाची थरथर पकडते. आणि शेवटी त्यानं लिहिलं होतं की अल्बममध्ये काय ऐकू आलं, हे सांगणारं पहिलं पत्र तुमचं.

दुसऱ्या दिवशी जेल रोडला जाऊन मी तशी डिस्क आणली. पितळेची, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, वीस रुपयांना. दुकानदारानं दोन तारा जोडून दिल्या. ती थेट मोबाईलला लावली तर आवाज पत्र्यासारखा, किरटा आला. कारण त्या फिनलंडवाल्यानंच सांगितलं: पिझोला खूप जास्त इम्पिडन्सचं (म्हणजे विजेला जास्त अडथळा करणारं) इनपुट लागतं, साधारण एक मेगाओहम, नाहीतर खालचे सूर गळून जातात. ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माईक किंवा वाद्य कंप्युटरला जोडायच्या डबीवर, गिटारसाठी जे वेगळं इनपुट असतं, त्यात ती बरोबर बोलते. इंटरफेस मी वर्षभरानं जुना घेतला. तुम्हाला तो आत्ता नको.

म्हणजे ऐकणार कोण, तर असे नऊ-दहा जण. हा आकडा लहान वाटेल, पण इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या कार्यक्रमाला शेकडो लोक येतात आणि त्यातलं कुणी कलाकाराला दुसऱ्या दिवशी असं पत्र लिहीत नाही. म्हणून माझं सांगणं असं की आधी तुम्ही कुणाचे तरी दहावे व्हा. फार कुणाला माहीत नसलेले दोन-तीन संगीतकार निवडा, वर्षभर त्यांचं सगळं ऐका, जमेल तेव्हा विकत घ्या आणि ऐकू आलं ते नेमकं लिहा. ‘खूप छान’ लिहिलंत तर त्यांना त्यातून काहीच कळत नाही. कितव्या मिनिटाला काय झालं आणि तुम्हाला काय वाटलं, हे लिहा. असं लिहायला लागलात की स्वतःचं रेकॉर्डिंगही तुम्ही त्याच कानांनी ऐकाल.

विकत घेण्याबद्दल आग्रहानं सांगते. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याला १,००० स्ट्रीम नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. तुम्ही-मी एखाद्याचं गाणं दोनशे वेळा प्रेमानं ऐकलं तरी त्याच्या हाती शून्य येऊ शकतं. बँडकँप डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, पैसे पाठवण्याचा खर्च वजा होतो, बाकी कलाकाराला. मार्च २०२० पासून काही ठराविक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. मी महिन्याला तीनशे रुपये याच कामाला बाजूला काढते, दिवाळीत थोडे जास्त.

आता तुमचा मोबाईल. इथे सगळ्यांची एकच फजिती होते, माझीही झाली. पेटीवर षड्ज, म्हणजे सा, लांब धरला की रेकॉर्डिंगमध्ये तो तीन-चार सेकंदांत विझल्यासारखा होतो. भाता नीट, सूर नीट, तरी असं का? कारण मोबाईलचा माईक बोलणं टिपायला जुळवलेला असतो. सलग, एकसारखा आवाज आला की पंखा किंवा रस्ता समजून फोन तो दाबतो. तुमचा षड्ज त्याला पंख्यासारखाच वाटतो. शिवाय हळू आवाज आपोआप वाढवायचा, मोठा कमी करायचा, हे ‘ऑटो गेन’ही चालू असतं, त्यामुळे हळू-जोरातला फरक आणि वजन दोन्ही सपाट होतात. म्हणून असं ॲप शोधा ज्यात ही आवाज-सफाई आणि ऑटो गेन बंद करता येतात आणि फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात, मिळते. फाईल मोठी होते, स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी, पण आवाज शाबूत राहतो. परीक्षा सोपी: भाता एकसारखा ठेवून तीस सेकंद सा धरा आणि परत ऐका. शेवटचा सा पहिल्याइतकाच भरलेला असेल तर फोन ऐकतोय.

पेटी टेबलावर ठेवू नका, टेबल घुमतं. खाली दुपदरी गोधडी. फोन भात्याच्या बाजूला नको, नाहीतर फसफस आधी ऐकू येईल. पट्ट्यांच्या बाजूनं, पेटीपासून वीतभर वर आणि थोडा पुढे, पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. खोली रिकामी असेल तर भिंती बोलतात. मी कपड्यांचं कपाट सताड उघडून, साड्यांकडे तोंड करून बसते. सगळ्यात जोराचा सूर ॲपमधल्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीच्या वरच्या टोकाला लागता कामा नये, तुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. जोडकाम कुणाच्या तरी कंप्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे. दुसरा थर वाजवताना कानात इअरफोन हवाच, आणि पहिल्या थराच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, दुसऱ्या थरात ती कानात ऐकू येईल तेव्हा तिच्यासोबतच टाळी द्या. मग दोन टाळ्या एकाखाली एक आणल्या की थर जुळले.

पंखा बंद करावा लागतो, आणि इंदूरच्या मे महिन्यात ते सोपं नाही. म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे वाजवते. एकदा पहाट लांबली आणि संथ भूपाच्या मध्यात गल्लीत कचरागाडी आली, आपलं गाणं वाजवत. वीसेक सेकंद दोन्ही एकत्र ऐकू येतात. मी तो भाग काढला नाही. पुण्यात राहणाऱ्या एका इंदूरकर मुलीनं लिहिलं की ते ऐकून तिला कचऱ्याचा डबा घेऊन जिना उतरणारी आई दिसली. तिनंच मग माझे पुढचे चारही तुकडे घेतले.

एक सावधगिरी. तानपुऱ्यासाठी मी सुरुवातीला ॲपमधला तयार आवाज वापरला होता. तोच आवाज दुसऱ्या कुणाच्या नोंदलेल्या रेकॉर्डिंगमध्येही होता, त्यामुळे एका साइटवर माझ्या स्वतःच्या चालीवर दुसऱ्याच्या मालकीचा दावा आला. तो सुटायला तीन आठवडे आणि बरीच झोप गेली. तेव्हापासून आधाराचा सा मी पेटीवरच धरते. बाकी चाल तुमची असेल तर हक्क तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर व नंतर ६० वर्षं राहतो.

आमच्यापासून देवास पस्तीसेक किलोमीटरवर. १९४८ मध्ये क्षयानं आजारी असलेले गायक कुमार गंधर्व तिथं आले आणि काही वर्षं त्यांचं गाणं बंदच होतं. त्या काळात ते आसपासची माळवी लोकगीतं ऐकत राहिले, आणि पुढे त्या धुनांतूनच त्यांनी नवे राग उभे केले. ज्या बायका ती गाणी गात होत्या, त्यांच्याही घरी स्टुडिओ नव्हता. तुमच्या दहा-बारा चालींपैकी एखादी आजीच्या ओव्यांतून आली असेल, तर पहिली तीच घ्या. तीन मिनिटांच्या आत ठेवा, एकाच सुट्टीच्या दिवशी संपवा आणि टाकून द्या, सुधारत बसू नका.

टाकलीत की लिंक इथे उत्तराखाली लिहा. मी हेडफोन लावून दोनदा ऐकेन आणि कितव्या सेकंदाला काय ऐकू आलं ते लिहीन. आणि आजोबांच्या पेटीत रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, जर्मन आहेत की गुजरातमधल्या पालिताण्याच्या, माहीत असेल तर तेही सांगा.