प्रयोग फसतोय, म्हणजे मी पीएचडीच्या लायकीची नाही का?

संशोधन करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुधा हाच असतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एकीची गोष्ट सांगते.

मेकॅनिकलमधून आलेली, बायोमेडिकलमध्ये पीएचडीचं चौथं वर्ष. हाडाची झीज भरण्यासाठी पॉलिमरचा सच्छिद्र सांगाडा बनवायचा आणि त्यावर पेशी वाढवायच्या. सांगाडा छान जमला होता. पेशी मात्र एकदा वाढायच्या, पुढच्या खेपेला नाही. "मॅडम, एमटीटीची प्लेट बाहेर काढताना पोटात गोळा येतो," ती म्हणाली. या चाचणीत पिवळं द्रावण घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. तिची प्लेट कधी गर्द जांभळी, कधी नुसती फिकट. "माझ्याच हातात काहीतरी खोट आहे." झोप उडाली होती, घरून "कधी संपणार गं?" चालू होतं आणि ती गाईडना टाळत होती.

मी तिला लॅबची वही आणायला सांगितली. सांगाड्याच्या पानांवर जाडी, तापमान, भार, सगळं नीट टिपलेलं. पेशींच्या पानांवर तारीख आणि खाली "परत फेल".

"नमुना मशीनवर तुटला तर काय लिहितेस?"

"किती भाराला तुटला, कुठून तुटला."

"मग इथे?"

बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. मग स्वतःच सांगू लागली: पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात हलवल्या की त्यांचा पॅसेज वाढतो आणि फार वाढला की त्या पूर्वीसारख्या वागत नाहीत. मायकोप्लाझ्मा या अगदी बारीक जीवाणूचा संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहसा कळत नाही; त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनही चालत नाही. हे सांगताना तिचा रडवेला सूर गेला होता. एवढं जाणणारी मुलगी स्वतःला नालायक ठरवत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

काय तपासलं, काय राहिलं, एवढं एका पानावर लिहून ती गाईडकडे गेली. संसर्ग निघाला नाही. पॅसेज बराच पुढे गेलेला निघाला. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या, कमी पॅसेजच्या पेशींची जुनी व्हायल (कुपी) काढून तिने पुन्हा सुरुवात केली. प्लेट आता बऱ्यापैकी सारख्या येतात, एक निकाल अजून उलटा येतोच. पण ती गाईडना टाळत नाही.

पेपर नाही म्हणजे पदवी नाही, ही तिची दुसरी धास्ती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपरची सक्ती नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती कार्यालयात विचारून घ्या. पीएचडी पूर्ण करायची मुदत साधारण सहा वर्षं असते.

झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रयोग बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर दिवसरात्र मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.