टेक्सासमधून न्यू जर्सीला शिफ्ट होताना पिस्तूल सोबत नेता येईल का?

नेता येतं, पण टेक्सासची सवय तिथेच सोडून या. टेक्सासात 2021 पासून परमिटशिवायही कॅरी, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगणं, चालतं, न्यू जर्सी मात्र दुसऱ्या कुठल्याच राज्याचं कॅरी लायसन्स मानत नाही, म्हणजे तुमचं तिथलं कार्ड इथे नुसतं प्लॅस्टिक. 1986 च्या फेडरल कायद्याने वाटेतल्या राज्यांतून नेता येतं, फक्त गन रिकामी हवी आणि गोळ्यांसकट डिकीत लॉक करून ठेवलेली, सीटखाली नाही. इथे आल्यावर 2022 च्या कायद्यानुसार 60 दिवसांत बंदूक खरेदीदाराचं आयडी कार्ड काढून गन रजिस्टर करायची. आणि हो, 10 पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन इथे चालत नाही, असेल तर ते निघायच्या आधीच विकून टाका, उगाच लफडं नको.