वाचकांचे प्रश्न : एनबीए फॅन्सचं विडंबन कसं जमवायचं?

प्रश्न : एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) ट्रेडची ‘ब्रेकिंग न्यूज’ वाटावी अशा विनोदी पोस्ट मी एक्सवर टाकतो. निम्म्या लोकांना त्या खऱ्या वाटतात, उरलेल्यांना हसूच येत नाही. कुठे चुकतंय? (ठाणे)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही खेळाडूंच्या बदलीची बातमी रचताय, आणि तिच्यात अशक्य असं काही नाही. ती खरी वाटली तर अफवा होते, खोटी वाटली तर नुसती थाप.

खऱ्या पोस्टचा साचा ठरलेला असतो. आधी ‘ब्रेकिंग’, मग संघाचं पूर्ण नाव, खेळाडूचं पूर्ण नाव, बदल्यात काय मिळालं, ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधला हक्क) असेल तर त्याचं वर्ष आणि शेवटी ‘सूत्रांनी ईएसपीएनला सांगितलं’. ईएसपीएनचे पत्रकार शॅम्स शरानिया यांच्या पोस्ट रोज वाचणाऱ्याला ही चाल पाठ असते. ती चाल तशीच ठेवा, फक्त ईएसपीएनचं आणि खऱ्या पत्रकाराचं नाव गाळा. बदलायचं ते पात्र. खेळाडूच्या जागी फॅन आणा :

‘ब्रेकिंग : लॉस एंजेलिस लेकर्सच्या एका चाहत्याने तिसऱ्या क्वार्टरमध्ये 18 गुणांची पिछाडी पाहून टीव्ही बंद केला आहे. चौथ्या क्वार्टरची शेवटची 2 मिनिटं उरल्यावर तो परतण्याची शक्यता आहे, असं स्वयंपाकघरातल्या सूत्रांनी सांगितलं.’

इथे कोणी फसत नाही आणि ज्याने असा टीव्ही बंद केलाय तो लगेच स्वतःला ओळखतो. आकडा 18च का? 35 गुणांची पिछाडी असेल तर टीव्ही बंद करणं शहाणपणाचं ठरतं, 6 गुणांची असेल तर वेडेपणाचं. 18 गुण भरून निघतात हे फॅनला माहीत असतं, तरी तो चिडून उठतो. विनोद त्या चिडण्यात आहे.

‘इतकं अचाट लिहिलं की कोण खरं मानणार?’ हा भरवसा आता उरलेला नाही. फेब्रुवारी 2025च्या सुरुवातीला डॅलस मॅव्हरिक्सने आपला सगळ्यात मोठा खेळाडू लुका डॉन्चिच यालाच लेकर्सकडे पाठवलं आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029चा पहिल्या फेरीचा पिक घेतला. तेव्हा शरानिया यांचं खातं हॅक झालंय अशीच अनेकांची समजूत झाली. ‘हो, हे खरं आहे’ अशी वेगळी पोस्ट त्यांना टाकावी लागली. खऱ्या ट्रेडच इतक्या अचाट असतील, तर त्याहून अचाट खोटी ट्रेड रचून काही साधत नाही.

प्रश्न : मग ट्रेडवर विनोद करायचाच नाही का? (नागपूर)

उत्तर : जरूर करा, पण ट्रेड सुचवणाऱ्या फॅनवर. ‘ट्रेड मशीन’वर (सौदे जुळवून पाहायच्या वेबसाइटवर) बसून आपल्या संघाचा कचरा देऊन दुसऱ्याचं सोनं मागणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याची नक्कल करायची तर नियम पक्के माहीत हवेत. पिक पुढच्या सात ड्राफ्टपर्यंतचेच देता येतात. स्टेपियन नियमामुळे लागोपाठच्या दोन वर्षी पहिल्या फेरीच्या पिकविना राहण्याची वेळ संघावर येईल, असा सौदा करता येत नाही. पगाराच्या ‘सेकंड एप्रन’ या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. आता हे बघा :

‘आमचे तीन राखीव खेळाडू, 2047चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि सरावाचे दोन बॉल. बदल्यात निकोला योकिच. डेन्व्हरने नाही म्हणायचं कारणच दिसत नाही.’

योकिच म्हणजे डेन्व्हरचा सगळ्यात मोठा खेळाडू. जाणकार 2047 वाचूनच हसतो. ज्याला नियम माहीत नाही, त्याच्यासाठी सरावाचे बॉल आहेत. दोन्ही थर ठेवा. नुसता 2047 ठेवलात तर नवखा फॅन ते खरं धरून पुढे पाठवेल.

प्रश्न : कोणत्या संघाच्या फॅन्सची कोणती खोड पकडावी? (पुणे)

उत्तर : जिथे भांडण जुनं आणि आकड्यांचं आहे, तिथे माल जास्त. सगळ्यात भरलेली खाण लेकर्स आणि बॉस्टन सेल्टिक्सची. 2024मध्ये सेल्टिक्सने 18वं विजेतेपद मिळवलं, लेकर्सकडे 17 आहेत. त्या 17पैकी पाच विजेतेपदं लेकर्स मिनियापोलिसमध्ये असतानाची. म्हणून सेल्टिक्सचा फॅन ती पाच वजा करतो. लेकर्सचा फॅन उलट विचारतो की सेल्टिक्सच्या जुन्या दिग्गज बिल रसेलच्या काळात लीगमध्ये संघ होते किती? शिवाय लेकर्सचं 2020चं विजेतेपद ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमधल्या, कोविडमुळे बंदिस्त ‘बबल’मध्ये जिंकलेलं, त्यामुळे त्याला ‘मिकी माऊसची ट्रॉफी’ म्हणणारेही आहेत.

यावर पोस्ट रचताना बाजू घेऊ नका, हिशोबाची पद्धत पकडा. समजा, किराणा दुकानाच्या बिलासारखं कार्ड केलं : ‘एकूण विजेतेपदं 17. वजा मिनियापोलिस 5. वजा डिस्ने 1. शिल्लक 11. टीप : हे बिल बॉस्टनमध्ये छापलं आहे.’ आकडे खरे आहेत, वजाबाकी बरोबर आहे आणि अप्रामाणिकपणा फक्त हेतूत आहे. शेवटची ओळ नसती तर ते लेकर्सवरचं टोमणा-कार्ड झालं असतं. त्या ओळीमुळे ते हिशोब करणाऱ्यावर उलटतं. अशा कार्डात एक जरी आकडा चुकला की प्रतिक्रियांमध्ये सगळे दुरुस्तीच करत बसतात आणि पोस्ट मेली. टाकण्याआधी प्रत्येक आकडा तपासा.

वॉरियर्सच्या फॅनसाठी 2016 पुरेसं आहे : साखळीत 73 विजय, अंतिम मालिकेत 3-1 अशी आघाडी आणि तरी क्लीव्हलँडकडून हार. मात्र हे इतकं वापरून झालंय की नवा कोन सापडला तरच हात घाला.

प्रश्न : खेळाडूच्या फोटोवर गमतीचं खोटं वाक्य टाकलं तर चालेल का? (पणजी)

उत्तर : नको. ‘एनबीए सेंट्रल’ या बातम्या देणाऱ्या खात्याच्या नावाशी खेळून चालवलेल्या ‘एनबीए सेंटेल’ या विडंबन-खात्याच्या पोस्टना जाणती माणसंही फसली आहेत. वाक्याचा स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा खात्याचं नाव कापलेलं असतं आणि खेळाडूच्या तोंडी तुमचं वाक्य उरतं. वाक्य फॅनच्याच तोंडी द्या. सामन्यांचे फोटो बहुधा एजन्सीच्या मालकीचे असतात. साधं रेखाचित्र किंवा नुसता मजकूर बरा.

दुखापत, अटक, मृत्यू या विषयांवर खोटी पोस्ट अजिबात नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालानंतर तिथल्या अनेक राज्यांत खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर झाली. ‘अमुक आज खेळणार नाही’ या एका ओळीवर लोक पैसे लावतात, हरतात आणि मग त्या खेळाडूला शिव्या घालतात.

खात्याच्या बाबतीत एक्सचा नियम स्पष्ट आहे. 10 एप्रिल 2025पासून विडंबन-खात्याच्या नावाच्या सुरुवातीलाच ‘पॅरडी’, ‘फेक’ असा शब्द लागतो आणि मूळ खात्याचाच प्रोफाइल फोटो वापरता येत नाही. हा शब्द इंग्रजीत लिहा, ‘विडंबन’ त्याच्या मागे जोडा. कार्डावरही ‘विडंबन’ लिहा, तेही मथळ्याला चिकटून. कोपऱ्यात लिहिलं तर पहिल्याच कापाकापीत जातं.

प्रश्न : देवनागरी कार्डात जोडाक्षरं तुटतात, आणि एक्सवर मजकूर मावत नाही. (न्यू जर्सी)

उत्तर : फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, जोडाक्षरं जुळतील. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट लहान पडद्यावर नीट वाचता येतात. 1080 बाय 1350च्या कार्डावर अक्षर 44 पिक्सेलच्या खाली नेऊ नका आणि दोन ओळींतलं अंतर 1.4 पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

एक्सच्या मोफत खात्याला 280 चिन्हं मिळतात. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘क्वार्टर’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत आठ होतात. म्हणून मराठी मजकूर 35 ते 40 शब्दांतच बसवा.

प्रश्न : भारतातून पोस्ट कधी टाकावी? (नाशिक)

उत्तर : सामना चालू असताना. न्यूयॉर्कला संध्याकाळी 7.30चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी 6ला सुरू होतो आणि तिथली घड्याळं पुढे केलेली असताना 5ला. अंतिम मालिकेचे 8.30चे सामने जूनमध्ये आपल्याकडे 6ला. हाफटाइम साधारण 15 मिनिटांचा असतो. संघाचं नाव आणि गुण यांच्या जागा रिकाम्या ठेवून तीन-चार कार्डं रात्रीच तयार ठेवा. हाफटाइमला फक्त आकडे भरायचे, एकदा मोठ्याने वाचायचं आणि टाकायचं.