सगळंच महत्त्वाचं वाटतं, मग वाचू काय?

प्रश्न: ताई, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात सिस्टर सांगतात ते सगळं करते पण स्वतःहून अभ्यास करायला बसले की काय वाचू तेच कळत नाही. काही महिन्यांत ड्युटी एकटीने करायचीये, टेन्शन येतं.

उत्तर: अगं, पुस्तकापासून सुरुवात करूच नकोस, पेशंटपासून कर. समज आज तू एकाला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दिलंस, त्याला डिगॉक्सिनही (हृदयाचं औषध) चालू आहे. आता स्वतःला विचार, याचं पोटॅशियम आपण बघितलं का? फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम जातं, आणि ते कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा व्हायचा धोका वाढतो. नाडी का मोजायची, मळमळ किंवा पिवळं दिसतंय असं पेशंट म्हणाला तर कान का टवकारायचे, हे सगळं या एका प्रश्नातून निघतं बघ, आणि असं शिकलेलं लवकर विसरत नाही.

प्रौढ शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वतःहून शिकण्याबद्दल हेच मांडलं होतं, की आपल्याला काय येत नाही ते आधी ओळखायचं, मग ध्येय, साधनं, पद्धत ठरवायची आणि शेवटी स्वतःच तपासायचं. आपण नेमकं हे तपासणंच टाळतो (मीसुद्धा टाळायचे). पान परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिही, कुठे अडलीस ते लगेच दिसेल.

आणि हो, स्वतः शिकायचं म्हणजे एकटीनेच नाही हं. डोसची शंका असली तर औषध द्यायच्या आधी सिस्टरना विचार, रागावल्या तर रागावू देत.